लाल घरं

आणखी एक घर लाल झालं. बाबांनी बोट मागे घेतलं आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे न बघता मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

सुडोकूचं हे पान तिनेच बनवलं होतं. ब्राउझरमध्ये उघडणारी नऊ बाय नऊची साधी चौकट. घराला बोट लावायचं, आकडा निवडायचा. बरोबर असला तर घर हिरवं, चुकला तर लाल. दीड महिन्यापूर्वीच्या पक्षाघातापासून बाबांना पेन्सिल धरवत नव्हती. पण डॉक्टरांना चिंता हाताची नव्हती, डोक्याची होती. चार दिवस कोडी सोडवून घ्या आणि शुक्रवारी नोंद घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. बाबांना एकटं राहू द्यायचं की नाही, ते त्या नोंदीवर ठरणार होतं. जन्मभर नकाशे आखलेल्या या माणसाला स्वतःचं घर सोडायचं नव्हतं.

सोमवारी ते हसले होते. तुझं यंत्र भलतंच चिडकं आहे, बोट लावलं की लाल होतं, असं म्हणत त्यांनी अख्खं कोडं भरून टाकलं. माझं बरोबर आहे, असंही दोनदा म्हणाले.

तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाबा, संगणक नाही हो चुकत."

मंगळवारी ते अडखळत खेळले. बुधवारी निम्मी घरं रिकामी सोडली. आज दोनच आकडे घातले, दोन्ही लाल झाले, आणि ते दमलो म्हणून आत जाऊन पडले.

तिचा मोठा भाऊ दाराशी उभा राहून हे बघत होता. त्याने बाबांसाठी आपल्या घरातली मागची खोली रिकामी करायला घेतली होती. खाट खिडकीपाशी लावायची, इथपर्यंत ठरलं होतं. आता तरी मनाची तयारी कर, एवढंच तो बोलला. ती उद्याची नोंद तयार करायला बसली.

सोमवारचं कोडं उघडलं. पडदा लालेलाल. ती पुढे सरकणार, तेवढ्यात नजर अडली. हिरवी घरं विखुरलेली नव्हती. तुरळक तीन-चार सोडली तर सगळी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एका तिरक्या रेषेत होती. कर्णावर तेवढं बरोबर आणि दोन्ही बाजूंना चूक, असं कुठलाही मेंदू चुकत नाही.

तिने पानाचा प्रोग्राम उघडला. उत्तर ताडून पाहताना आधी ओळ आणि मग रकाना घ्यायला हवा होता. तिने उलट लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या घराचा आकडा सातव्या ओळीतल्या तिसऱ्या घराच्या उत्तराशी ताडला जात होता. फक्त कर्णावर दोन्ही घरं एकच. पान तयार झालं तेव्हा तिने तीन घरं तपासली होती: पहिलं, मधोमधचं आणि शेवटचं. तिन्ही कर्णावरची.

तिने प्रोग्राममधल्या ओळ-रकान्याच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि सोमवारचं कोडं पुन्हा चालवलं. सगळी घरं हिरवी झाली. बाबांची एकही चूक नव्हती.

लॅपटॉप उचलून ती आत धावली. मागोमाग भाऊ आला. चूक माझी होती, तुमचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, असं ती एका दमात सांगत सुटली. बाबा उठून बसले. हिरव्यागार चौकटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग तिच्या हातावर हळूच थोपटलं.

"उद्या डॉक्टरांना दाखवायला रंग बदललेस होय," ते म्हणाले. "माझ्यापायी असं खोटं करू नये, माऊ."