पासवर्डची मेल

गेल्या वर्षी एका फाईलमधून व्हायरस आला आणि आमच्या कार्यालयातले पुलांचे नकाशे उडाले. आळ आमच्यातल्या ओकुमुराबाईंवर आला. तेव्हापासून त्या एकट्याच जेवतात. आज मी सर्व्हरवर चढणारी प्रत्येक फाईल आधी तपासणारा अँटिव्हायरस बसवला. त्याने पहिली अडवली ती हाताकेयामासाहेबांची. साहेब वर्षानुवर्षं फाईलला कुलूप घालतात आणि पासवर्ड पाच मिनिटांनी वेगळ्या मेलने पाठवतात. “अहो निशिवाकी, माझ्यावर संशय?” ते कडाडले. “तुमच्यावर नाही हो. कुलूप असलं की आतला व्हायरस कोणालाच दिसत नाही.” साहेबांनी कुलूप काढून फाईल पुन्हा चढवली. पाच मिनिटांनी सगळ्यांना त्यांची मेल आली: “पासवर्ड नाही. गेल्या वर्षीची ती व्हायरसवाली फाईल माझीच.” जेवणाच्या सुट्टीत साहेब डबा घेऊन ओकुमुराबाईंपुढे उभे राहिले. “बसा,” बाई म्हणाल्या, “डब्याला कुलूप नाही ना?”