वानरांचा अभिप्राय

१९६३ साली माझ्या नातीला, प्रेमलतेला, मुंबईचा एक चित्रकार सांगून आला. त्याने भेट म्हणून स्वतःचेच चित्र आणले: गोणपाट, जाळ्याचा तुकडा आणि त्यांवर काळ्या-लाल शाईचे ठसे.

"रे बाबा, ह्यात नेमका आसा काय?" मी विचारले.

"आजी, हे अमूर्त आहे. दहाच प्रती छापल्या आणि छापायचा साचा फोडून टाकला."

"बरा केलंस."

प्रेमलता मुसमुसत राहिली, तरी मी नकार द्यायचे ठरवले. ज्याची कला कोणाच्याही उपयोगी पडत नाही, त्याला मुलगी देण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. भिंतीवर ते चित्र मला सोसवेना, म्हणून आमच्या जामसंड्याच्या आंब्याच्या बागेत एका कलमाला टांगायला लावले. त्या वर्षी वानरे बुजगावण्याला जुमानत नव्हती. निम्मा हापूस त्यांनीच फस्त केला होता.

दुसऱ्या दिवशी राखणदार विठोबा धापा टाकत आला. "बायनूं, चित्र बघून सगळे वांदर पळाले!"



मी त्याच दिवशी होकार कळवला. अट एवढीच घातली, की जावयाने आमच्याकडेच राहावे आणि मोहोर धरल्यापासून आंबे उतरेपर्यंत चित्रे काढावीत.