ट्रायल बॉल

"काय टाकलास रे मुकुल! वा!" फोनमधून बाबा ओरडले.

मुकुलनं काहीच टाकलं नव्हतं. तो अंधेरीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये गॅसपाशी उभा राहून नूडल्स ढवळत होता. फोन स्पीकरवर होता. मागे टेबलावर लॅपटॉपमध्ये बेसबॉलची मॅच चालली होती आणि त्याच्या टीमकडून मशीन खेळत होतं.

"मग? सोडतो काय तुम्हाला!" तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती रोजच वाटायची.

हा गेम त्याच्या लहानपणचा. बोनस मिळाला तेव्हा बाबांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेटमध्ये क्रिकेट आहे असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. घरी येऊन लावली तर निघाला बेसबॉल, तोही जपानी अक्षरांतला. बाप-लेकांना त्यातलं ओ की ठो कळेना. मग त्यांनी तो सरळ क्रिकेटच्या नियमांनी खेळायला घेतला. बॉल फेकणारा तो बोलर, मागे बसणारा विकेटकीपर, होमरन म्हणजे सिक्सर. आणि सोसायटीच्या आवारात असतो तसा प्रत्येक इनिंगचा पहिला बॉल ट्रायल. तो हळूच टाकायचा आणि समोरच्यानं सोडून द्यायचा. मुकुलनं चुकून त्याला बॅट लावली की बाबा रिमोट खाली ठेवत. "रडीचा डाव मी खेळत नाही," म्हणत आणि खरोखरच उठून जात.

आई गेली आणि बाबा मुलुंडच्या घरात एकटे पडले. तेव्हा मुकुलनं तोच गेम शोधून दोघांच्या लॅपटॉपवर घातला. इंटरनेटवरून दोघांना एकच मॅच खेळता येई. "मध्येच उठावं लागलं तर हे बटण दाबायचं, मग आपल्या टीमकडून मशीन खेळतं," असं त्यानं बाबांना शिकवलं होतं. उन्हाळाभर रोज संध्याकाळी दोघं खेळले, भांडले, पोट धरून हसले. गणपतीत बाबा गावाला गेले तेव्हा खेळात खंड पडला. ते परत आले तोवर मुकुलच्या डोक्यावर ऑफिसचं काम येऊन बसलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यानं ते बटण दाबलं. आजच्यापुरतं, असं स्वतःला बजावून दाबलं. आता होळी आली होती. या सगळ्या दिवसांत तो मुलुंडला गेला होता फक्त दिवाळीला, तेही उभ्या उभ्या फराळ करून निघण्यासाठी.

पलीकडे बाबा अजून कौतुक करत होते. मुकुलला ते ऐकवेना. एकट्या म्हाताऱ्याला आपण रोज फसवतो, आणि तो आपला 'वा वा' करतो. त्यानं गॅस बंद केला, लॅपटॉपसमोर बसला आणि टीम मशीनकडून काढून स्वतःच्या हातात घेतली.

नवी इनिंग सुरू होत होती. बॅटिंग बाबांची. मुकुलनं पहिला बॉल अगदी हळू, ट्रायलसारखा टाकला.

बाबांच्या बॅट्समननं तो थेट प्रेक्षकांत भिरकावला.

मुकुल बघतच राहिला. बाबांच्या पुढच्या इनिंगलाही त्यानं तसाच बॉल टाकला. पुन्हा सिक्सर. बाबा मरतील, पण ट्रायल बॉलला बॅट लावणार नाहीत. म्हणजे तिकडूनही मशीनच खेळतंय! त्याला इतकं हसू आलं की फोनवर हात ठेवावा लागला. म्हातारा बिलंदर निघाला. स्वतः मजेत चहा पीत बसत असणार आणि इथे 'काय टाकलास रे'. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मुकुलच्या मनावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. न कळवता तो मुलुंडला गेला. आधी बाबांना पकडायचं, मग आपलंही सांगून टाकायचं आणि दोघांनी मिळून हसायचं, असं त्यानं रिक्षातच ठरवलं होतं. बाबांनी दार उघडताच तो म्हणाला, "चोर पकडला! ट्रायल बॉलला सिक्सर मारता काय? मशीन लावून बसता ना तुम्ही?"

बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. भिंतीला हात लावत ते आत जाऊन खुर्चीत बसले आणि मुकुलच्या कानाकडे बघू लागले.

"मधोमध काळं दिसतं रे," ते म्हणाले. "कडेचं दिसतं, म्हणून घरात वावरता येतं. पण बॉल दिसत नाही. आता तुझा चेहरापण दिसत नाहीये."

"कधीपासून?"

"गावाहून आल्यापासून. साखरेमुळे झालं. परवा डॉक्टरांकडे गेलो होतो एकदाचा. म्हणाले, तेव्हाच आला असतात तर इंजेक्शनं देऊन थांबवता आलं असतं."

मुकुल तिथेच बाबांसमोर जमिनीवर बसला.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"सांगितलं असतं तर गेम बंद झाला असता. मग तू रोज फोन कशाला केला असतास?"

आता आपलंही सांगायलाच हवं होतं. मुकुल खुर्चीजवळ सरकला. बाबांनी हात पुढे केला, चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर थोपटलं.

"पहिल्याच दिवशी ओळखशील अशी भीती होती मला," ते म्हणाले. "इतके महिने रोज समोर खेळत होतास, तरी कालपर्यंत तुला कळलं नाही. अगदी माझ्यासारखंच खेळतं का रे ते मशीन?"