कोल्ह्याची टोपी

खोक्यातली पहिली टोपी उलटी केली आणि अवधूतचं धाबं दणाणलं. आतल्या पांढऱ्या अस्तरावर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं होतं. चार ठिपक्यांसकट, अगदी रेखीव. त्यानं दुसरी टोपी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच. बाराच्या बारा टोप्या दोन दिवस घरी होत्या, आणि नागपूरहून आलेली त्याची आई नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर जाऊ देत नसे.

त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं. कुंकू काही गेलं नाही, अंगठा मात्र लाल झाला. मग त्यानं झाकण लावलं आणि त्यावर कोपर टेकून बसला.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावात, मैदानाकाठच्या त्या खोलीत त्यांच्या बेसबॉल टीमची मीटिंग भरली होती. अकरा माणसं, आणि वाद एकच, टोपीवरचा लोगो बदलायचा की नाही. जुना लोगो म्हणजे गोल फिरणारे तीन बाण. जागोजागी राउंडअबाउट, म्हणजे गाड्या गोल फिरवणारे चौक, असलेल्या त्या गावाला शोभेलसा, पण समोरच्या टीम त्याला रिसायकलिंगचा डबा म्हणायच्या. नवा लोगो अवधूतचा, तोंडात चेंडू धरलेला कोल्हा. तीन महिने खपला होता बिचारा त्या कोल्ह्यासाठी.

"हा कोल्हा हसतोय की चावतोय?" एकानं कागदावरचं चित्र पाहून विचारलं.

"लोगो काहीही करा," दुसरा म्हणाला, "पण शर्टावरच्या उभ्या रेघा काढू नका. त्यात माझं पोट दिसत नाही."

सगळे हसले. अवधूतही हसला, पण झाकणावरचं कोपर त्यानं हलवलं नाही.

"टोपी डोक्यावर घातल्याशिवाय कसं कळणार?" हॉवर्ड म्हणाला. "अवधूत, उघड ते खोकं."

हॉवर्ड टीमचा कॅप्टन, आणि सोमवार ते शुक्रवार अवधूतचा मॅनेजर. पुढच्या महिन्यात व्हिसा वाढवायचा तर कंपनीच्या पत्रावर सही त्याचीच लागणार होती. त्याच्या टेबलावर हिटलरविरुद्धच्या युद्धात गेलेल्या आजोबांचा फोटो असायचा. चांगला माणूस होता, नाही असं नाही. पण चांगली तर अवधूतच्या मित्राची, मिहीरची, शेजारीणही होती. गेल्या दिवाळीत मिहीरच्या दारावरचं स्वस्तिक नाझींचं समजून तिनंच पोलिसांना फोन केला. पोलिस आले, सॉरी म्हणाले, फोटो काढून गेले. त्या फोटोचं पुढे काय झालं ते मिहीरला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"खरं सांगू?" अवधूत म्हणाला. "मला आता तो कोल्हा आवडत नाही. जुनाच लोगो ठेवू."

देवयानी त्याच्या शेजारीच बसली होती. पुण्याची, टीममधली दुसरी मराठी. ती मराठीतच म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझ्याच कोल्ह्यासाठी तासभर भांडतेय मी सगळ्यांशी."

"आईनं आतून स्वस्तिक काढलंय. बाराही टोप्यांना."

देवयानीचा चेहरा उतरला. "मग सांगून टाकू या का? नीट समजावून?"

"तू सांगतेस?"

तिनं एकदा हॉवर्डकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"जुना लोगो हवा त्यांनी हात वर करा," हॉवर्ड म्हणाला. पहिला हात अवधूतचा वर गेला, अंगठा मुठीत लपवलेला. मग एकेक करत आणखी चार. सहावा हात देवयानीनं वर केला, कुणाकडेही न बघता. सहा विरुद्ध पाच. कोल्हा गेला.

"ठीक आहे. टोप्या परत पाठवतो मी," म्हणत हॉवर्डनं खोक्यावर हात ठेवला.

"मी पाठवतो ना."

"अरे, पोस्ट ऑफिस माझ्या वाटेवरच आहे."

"हॉवर्ड," देवयानी घाईनं म्हणाली, "शर्टाच्या रेघांचं राहिलंच की." तो वळला. तेवढ्यात अवधूतनं खोकं उचललं आणि तो दाराबाहेर पडला.

बाहेर बाकावर आई बसली होती, साडीवर त्याचं जाड जॅकेट चढवून. आतलं इंग्रजी तिला कळत नसलं तरी खिडकीतून सगळं दिसत होतं.

"मी हात मोजले," ती खुशीत म्हणाली. "तुझा सगळ्यांत आधी वर गेला. तुझ्या बाजूला सहा, तिकडे पाच. तुझीच टोपी निवडली नं रे?"

"हो, आई."

"मी म्हटलंच होतं. आता एक टोपी त्या साहेबाला माझ्या हातानं देते, थांब." तिनं झाकण उचललं.

दारात हॉवर्डचा आवाज आला. अवधूतनं झाकण दाबलं, आईची बोटं मध्ये असतानाच. ती कळवळली, पण ओरडली नाही. तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली होती.

"पुसत होतास?"

त्यानं अंगठा मुठीत घेतला.

"त्या मिहीरच्या दारासारखं झालं का रे?" आईचा आवाज एकदम खाली आला. "तू म्हणालास, दारावर काढू नको. म्हणून तर आतून काढलं. कोणाला दिसणार नाही असं."

हॉवर्डनं लांबूनच हात हलवला आणि तो त्यांच्या दिशेनं चालू लागला. आईनं त्याच्याकडे बघून हसरं तोंड केलं. मग जॅकेटखालून पदराचं टोक ओढून काढलं, त्याला थुंकी लावली आणि खोक्याच्या आडोशाला धरून लेकाचा अंगठा घासायला घेतला.