परदेशी उमेदवार

"वेळ संपली," असं पडद्यावर आलं आणि ठकूचं अर्धवट उत्तर डोळ्यांदेखत पुसलं गेलं.

"अगं, अजून वेळ होता ना?" शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या बाबांनी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं. कोपऱ्यातलं घड्याळ तिकडच्या वेळेनं चालतं की आपल्या, तेच कळत नाही."

ठकूला जहाजं बांधायला शिकायचं होतं. ते शिकवणारं कॉलेज समुद्रापलीकडे होतं आणि परदेशी उमेदवारांसाठी त्यांची प्रवेशपरीक्षा संगणकावर होती. सरावाच्या चाचण्या घरी देता येत, पण त्यांनी शहाण्याला वेड लागायची पाळी आली होती. उत्तर जपून ठेवायचं बटण निळं, पुढे जायचंही निळंच. एका भागात चुकीच्या उत्तराला गुण कापायचे, दुसऱ्यात नाही, आणि आपण कोणत्या भागात आहोत हे कुठेच लिहिलेलं नसे. मदतकेंद्राला विचारलं तर एकच उत्तर यायचं: आपली शंका नोंदवली आहे.

"गणित येतं हो मला," ठकू म्हणाली. "या यंत्राला माझ्याकडून काय हवंय, ते समजत नाही."

"सवय झाली की डोळे मिटून करशील. चल, पुन्हा."

बाबा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. ठकूची आई गेल्यापासून घरात दोघंच होती. अर्ज भर म्हणून मागे लागले तेही बाबाच. "माझी काळजी करत बसलीस तर तुझं तारू किनाऱ्यालाच कुजेल," असं म्हणायचे.

एके सकाळी ठकूला गॅसचा वास आला. बटण उघडं, बर्नर विझलेला, आणि बाबा ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले.

"मी कुठे गॅस लावला?" त्यांनी गोंधळून विचारलं.

ठकूने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि विसरले असतील म्हणून सोडून दिलं. पण मग चहात मीठ पडलं. दाराला बाहेरून किल्ली तशीच लटकत राहिली. आणि एका संध्याकाळी सराव चालू असताना बाबा दाराकडे बघत म्हणाले, "आज तुझ्या आईला उशीर झाला गं."

ठकूचा हात माउसवरच थांबला.

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "काय बोललो मी? जाऊ दे. म्हातारचळ."

"आपण डॉक्टरांकडे जाऊ या, बाबा."

"तुझी परीक्षा होऊ दे. आधी ते. मग नेशील तिथे येईन."

त्या दिवसापासून तिला धड काही सुचेना. प्रश्न वाचताना कान स्वयंपाकघराकडे असायचे. आपण गेल्यावर गॅस कोण बंद करणार? आणि नाही गेलो तर याच माणसाला काय वाटेल, ज्याने आपल्याला इथवर ढकलत आणलं? एक वाट धरावी तर दुसरी पदर ओढायची.

प्रवेशपत्र काढायच्या वेळी तर ती पासवर्डच विसरली. डोकं धरून बसली. बाबा कांदा चिरता चिरता तिकडूनच एकेक अक्षर सांगत गेले, मधले आकडे, शेवटची चिन्हं सुद्धा. प्रवेशपत्र उघडलं. तिने सुस्कारा सोडला आणि छपाईला दिलं.

परीक्षेच्या सकाळी बाबा केंद्राच्या फाटकापर्यंत आले. "शांतपणे कर," म्हणाले. मग इकडेतिकडे बघत विचारलं, "इथून घरी कसं जायचं गं?"

तिने त्यांना रिक्षात बसवलं, चालकाला पत्ता दोनदा सांगितला आणि आत गेली.

आत सगळं उलटंच झालं. घड्याळ सरळ चालत होतं. बटणं वेगवेगळ्या रंगांची होती. पहिला प्रश्न तरंगणाऱ्या वस्तूच्या तोलाचा होता आणि उत्तर तिला वाचता वाचताच आलं. दुसऱ्याचंही आलं. इतके दिवस जे धुकं होतं ते नेमकं आजच विरलं होतं, आणि ते विरायला नको होतं असं तिला वाटलं.

तिने दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर निवडलं. मग रिक्षात अवघडून बसलेले बाबा आठवले. तिने निवड बदलली. पहिल्या प्रश्नाकडे मागे जाऊन तिथलीही बदलली. पुढे मग तिने प्रश्न नीट वाचले ते फक्त कोणतं उत्तर टाळायचं हे कळावं म्हणून. शेवटचं बटण दाबल्यावर निकाल तिथेच उमटला: अपात्र.

पर्यवेक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा देता येते."

घरी बाबांनी तिला जवळ घेतलं. "नाही तर नाही. इथे काय कॉलेजं नाहीत?" त्यांचा आवाज दाटून आला. तिला वाटलं, आपल्या दुःखाने दाटून आला.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेलेले बघून ठकू लॅबमध्ये गेली. मालकीणबाई साच्यात प्लास्टर ओतत होत्या.

"मावशी, एक विनंती होती. बाबांच्या कामावर जरा लक्ष ठेवाल? हल्ली त्यांना विसरायला होतं. कुणाची कवळी कुणाला जायची."

मालकीणबाईंनी भांडं खाली ठेवलं. "तुझ्या बाबांना विसरायला होतं? अगं, परवाच लॅबमध्ये आलेल्या एका आजोबांनी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, तुमचा हा दात मीच बनवलाय, तुमच्या मुलीच्या लग्नाआधी. माझं गाडं त्यांच्या डोक्यावर चालतं."

"घरी मात्र गॅससुद्धा उघडा राहतो," ठकू म्हणाली. "तुम्हाला कधीच काही जाणवलं नाही?"

"छे. उलट मलाच काळजी होती. तू अर्ज भरलास ना, तेव्हा मी म्हटलं त्यांना, पोर गेली की घर खायला उठेल तुम्हाला." मालकीणबाई हसल्या. "तर म्हणाले, अर्ज मीच भरायला लावलाय, बापाने अडवलं असं नको व्हायला. बाकी ती जायची नाही, ते मी बघतो."