साठलेली वीज

गेल्या पावसाळ्यात इलियसने गिटारचा छोटा, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उघडला, तेव्हा प्लग काढलेला होता. तरीही आतल्या कपॅसिटरमध्ये साठून राहिलेल्या विजेने त्याला असा झटका दिला, की तो मागे भिंतीवर आदळला. तेव्हापासून त्याने गिटारलाही हात लावला नाही. चर्चच्या गायनवृंदातही तो जाईनासा झाला.

पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी त्याची मोठी बहीण ब्रिजेट आज तोच अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उघडून बसली होती. इलियस दारातच थबकला.

"विकून टाक म्हटलं होतं ना तुला," तो म्हणाला.

"कपॅसिटरला एक रेझिस्टर जोडलाय. बंद केल्यावर आतली वीज आता आपोआप उतरते. बघ तरी."

तिने अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, मग बंद करून प्लग काढला. कपॅसिटरला लावलेल्या मीटरवरचा आकडा तीनशे व्होल्टवरून भराभर खाली आला आणि रेंगाळत शून्यावर थांबला.

इलियस टेबलाजवळ आला. "परत दाखव."

या वेळी प्लग त्यानेच काढला. आकडा शून्यावर आला, तशी कपॅसिटरच्या तारेला लावायला ब्रिजेटने बोट पुढे केलं. त्याने तिचा हात बाजूला सारला.

"थांब. मी लावतो."

डोळे मिटून त्याने बोट टेकवलं. काहीच झालं नाही. डोळे उघडून त्याने पुन्हा टेकवलं, तसंच धरून ठेवलं आणि तो हसला.

"तू झाकण बसव," तो चपला घालत म्हणाला, "गिटारच्या तारा गंजल्या असतील. नव्या घेऊन येतो."