नाताळ सोडून

कणीक मळायला घेण्याआधी मार्थाने पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. थंडीसाठी तिने हौसेने गाणी जमवली होती. पहाडी बासरी, आफ्रिकी ढोल, दोन गझला आणि शेवटी एक फक्कड लावणी. नाताळचं गाणं त्यात औषधालाही नव्हतं. पाळकाची बायको झाली म्हणून काय नोव्हेंबरपासून तेच ते ऐकत बसायचं?

पण स्पीकरमधून नाताळचंच गाणं सुरू झालं.

म्हणजे तिचा पेनड्राइव्ह चर्चच्या हॉलमध्ये गेला! सकाळी सासूबाई मंडळीतल्या बायकांबरोबर फराळाच्या करंज्या करायला निघाल्या, तेव्हा घाईघाईत नाताळच्या गाण्यांचा समजून तिनेच तो त्यांच्या हातात दिला होता. आणि सासूबाई म्हणजे, ज्यांनी उपासनेच्या गीतांखेरीज घरात रेडिओसुद्धा कधी वाजू दिला नाही!

कणीक तशीच टाकून ती धावत सुटली, ती थेट हॉलच्या दारात थबकली. आत लावणी रंगात आली होती. बायका माना खाली घालून करंज्यांना मुरड घालत होत्या. वर बघायची कुणाची छाती नव्हती. सासूबाई स्पीकरसमोर ताठ उभ्या होत्या.

"आई, ते चुकून..." मार्था स्पीकर बंद करायला पुढे झाली.

"गप गं, ऐकू दे."

सासूबाईंनी पिठाचे हात पुसले, पदर खोचला, एक हात कमरेवर ठेवला आणि गाणारीच्याही आधी पुढची ओळ उचलली. अगदी मुरकीसकट.